तारपा, चौक आणि जमातीचा दाखला: एका वारली ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. पालघर जिल्ह्यातलं वारली कुटुंब, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. येत्या ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या उपासनेत तारपा (भोपळा-बांबूचं फुंकवाद्य) वाजवायचा आणि वेदीमागच्या भिंतीवर लग्नातला चौक (भिंतीवरचं विधीचं चित्र) काढायचा, असं तरुणांनी ठरवलं आहे. मंडळीतले (चर्चच्या सभासदांतले) एक वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, म्हणतात, तारपा सैतानाचा. आजी स्वतः बाप्तिस्मा घेतलेली, तरी म्हणते चौक असा काढत नाहीत. गावातले म्हणतात, तुम्ही आता वारली राहिला नाहीत. त्यातच मुलाच्या जमातीच्या दाखल्यासाठी गेल्यावर कोणीतरी सांगितलं, ‘ख्रिश्चन झालात, दाखला विसरा.’ चर्च कॅथलिक की प्रोटेस्टंट हे प्रश्नात नाही, म्हणून दोन्हींचं सांगतो.

दाखल्यापासून सुरुवात करू. ही भीती डोक्यावर असेपर्यंत बाकीचं बोलणं कोणाच्या कानात शिरत नाही.

धर्म बदलला म्हणून अनुसूचित जमातीचा दर्जा आपोआप जात नाही. गोंधळ होतो तो अनुसूचित जातींच्या नियमामुळे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे: आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्धही. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात अशी अटच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये केरळच्या चंद्रमोहनन खटल्यात सांगितलं की केवळ धर्मांतरानं जमात सुटत नाही. पण ती व्यक्ती जमातीच्या रूढी-परंपरा अजून पाळते का आणि जमात तिला आपली मानते का, हे प्रत्येक प्रकरणात वस्तुस्थितीवरून ठरवायचं. या निकालाचा दुसरा अर्धा भाग लोक वाचत नाहीत. तुमच्या तारप्याचा, बोलीचा आणि आजीच्या म्हणण्याचा दाखल्याशी संबंध तिथेच येतो.

दाखला उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत देतात आणि त्याची वैधता अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समिती तपासते. या समितीसमोर सगळ्यात वजन असतं ते ६ सप्टेंबर १९५० च्या आधीच्या कागदांना. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, तहसीलच्या अभिलेख कक्षातला जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, कोतवाल बुकातली नोंद आणि या सगळ्यांना तुमच्याशी जोडणारी शपथपत्रावरची वंशावळ, एवढं आधी गोळा करा. त्यानंतर दक्षता पथक घरी येऊ शकतं. लग्न कसं लागतं, बाळाची पाचवी कशी करतात, मयताचे दिवस कसे करतात, देव कोणते, असे प्रश्न विचारतं. याला अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की ही चाचणी म्हणजे एकमेव कसोटी नव्हे.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक शाळेतली. प्रवेशाच्या वेळी ‘जात’ या रकान्यात ‘ख्रिश्चन’ एवढंच लिहिलं जातं आणि जमात कागदावरून गायब होते. मिशनच्या जुन्या शाळांमधून ‘नेटिव ख्रिश्चन’ अशा नोंदी आहेत आणि नातवंडं त्याची किंमत मोजतात. धर्म ख्रिश्चन, जमात वारली, असं दोन्ही लिहून घ्या. चूक झालीच असेल तर मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज करा. शाळा सुटल्यावर ते फार अवघड जातं. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतही शेऱ्याच्या रकान्यात जमात लिहायला सांगा. दुसरी चूक म्हणजे पथकासमोर ख्रिस्ती असल्याचं लपवणं. ते शेजाऱ्यांकडून पाच मिनिटांत कळतं आणि मग खऱ्या कागदांवरही संशय येतो. चर्चला जातो हे सांगा, आणि घरात आजही काय पाळलं जातं तेही सांगा.

नावाचंही इथेच. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतला नियम ८५५ इतकंच सांगतो की बाप्तिस्म्याचं नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. ते संताचंच हवं असं त्यात कुठेही नाही. वारावरून ठेवलेली सोमी, बुध्या, मंगळ्या ही नावं खुशाल ठेवता येतात. घरात एक नाव, चर्चमध्ये दुसरं आणि शाळेत तिसरं झालं की वंशावळ जुळवताना घाम फुटतो.

आता आजीकडे. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात जाणता माणूस तीच आहे. वडील ‘सैतानाचा’ म्हणतात आणि तरुण ‘आपली संस्कृती’ म्हणतात. दोघंही एकाच शब्दात सगळं गुंडाळतात. आजी मात्र वस्तूगणिक बोलते आहे, आणि तीच रीत बरोबर आहे. जी वस्तू किंवा कृती आत आणायची तिच्याबद्दल आधी विचारायचं: ही कोणासाठी केली जाते, माणसांसाठी की एखाद्या देवासाठी? कोण करतं आणि कोणी करायची नसते? कधी करतात? आणि गावातला ख्रिस्ती नसलेला वारली माणूस हे चर्चमध्ये पाहील तेव्हा त्याला काय वाटेल? शेवटचा प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि बहुतेक भांडणं तिथूनच निघतात.

चौक घ्या. लग्नाच्या वेळी सुवासिनी घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. चौकात मधोमध पालघट देवी असते, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी जाणती बाई, गाणी म्हणते, तेव्हाच तो चौक जागा होतो. म्हणजे चौक ही नक्षी नाही, ते देवीचं आसन आहे. पालघट पुसून तिथे क्रूस किंवा मारियाबाई काढली तर दोन्हीकडून चुकतं: मंडळीतल्या म्हाताऱ्यांना वेदीमागे देवीच दिसत राहते, आणि गावाला वाटतं आमच्या देवीला हाकलून तुम्ही तिच्या जागी बसलात.

रांचीजवळ सिंगपूर इथे २०१३ मध्ये नेमकं हेच घडलं. लाल काठाची पांढरी साडी नेसलेल्या, बाळाला झोळीत बांधलेल्या मारियेच्या मूर्तीचं अनावरण कार्डिनल तेलेस्फोर टोप्पो यांच्या हस्ते झालं. टोप्पो स्वतः उरांव आदिवासी. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरी सरना हा आदिवासींचा आपला धर्म मानणाऱ्या लोकांनी मोठा मोर्चा काढला. त्यांचं म्हणणं होतं की ही साडी आमच्या पूजेच्या वेळची, आमच्या सरना माँची खूण आहे. पोशाख चर्चमधल्या आदिवासींचाही होता हे खरंच. पण तो एकट्या त्यांचा नव्हता, आणि ज्यांच्याबरोबर तो वाटून घेतलेला होता त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत: चौक काढू नका. त्याच चित्रलिपीत दुसरं काढा. लावणी, झोडणी, ताडावर चढणारा माणूस, तारप्याभोवतीचा फेर हे सगळं माणसांचं जगणं आहे. त्यात बेथलेहेमचा गोठा वारली पाड्यासारखा काढला तर कोणाचं काही हिरावलं जात नाही. जागा वेदीमागची नको, प्रवेशाची भिंत किंवा व्हरांडा घ्या. लोकांचं तोंड ज्याच्याकडे असतं त्याला नमस्कार होतो, असा साधा हिशेब आहे. काढायला पाड्यातल्या जाणत्या बायकांना बोलवा आणि त्यांना मजुरी द्या. सेवा म्हणून फुकट नको. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर गेरू आणि तांदळाचं पीठ बसतं, सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर पीठ पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे गेरूच्या रंगाचा पक्का हात देऊन वर पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग आणि बांबूची काडी वापरा.

तारप्याची गोष्ट वेगळी. भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, जोडायला मेण. हे वाद्य गावाच्या नाचाचं आहे. त्याच्यासमोर नाचणारे देवाला नाही, तारपकऱ्याला धरून पावलं बदलतात. ते सैतानाचं म्हणण्याला आधार नाही. घांगळी या तंतुवाद्याबद्दल मी असं सरसकट म्हणणार नाही, कारण ती कणसरी या धान्यदेवीच्या जागराशी बांधलेली आहे. थाळगान, म्हणजे थाळीच्या नादावर म्हटलेलं गाणं, तेही देवकथेशी आणि मयताच्या विधीशी जोडलेलं. वाद्यावाद्यात असा फरक आहे आणि तो जाणून घेतल्याशिवाय ‘आदिवासी वाद्यं’ असा एकच गठ्ठा आत आणू नये.

पण तारप्याला हंगाम आहे. जुन्या रीतीनं भात पिकल्यावर तो बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत गाजतो. ९ ऑगस्टला लावणी नुकतीच झालेली असते. आजकाल त्या दिवशी मोर्च्यात आणि मंचावर तारपा वाजतो हे खरं, पण म्हाताऱ्यांना तो अवेळी वाटत असेल तर चर्चनं त्यांचं ऐकावं. आदिवासी दिनाला बोलीतली गाणी आणि प्रार्थना ठेवा, आणि तारपा कापणीच्या सणाला वाजवा. त्या दिवशी तो वाजवला की वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

वाजवताना काय बिघडतं तेही सांगतो. तारप्याचा आवाज उघड्या खळ्यासाठी आहे, पत्र्याच्या सभागृहात तो कानठळ्या बसवतो. त्याचा सूर हार्मोनियमच्या पट्टीत बसतोच असं नाही. दोन्ही एकत्र वाजवले तर दोन्ही बेसूर वाटतात. तेव्हा तारपा बाहेर, मिरवणुकीत आणि उपासनेनंतरच्या फेरात ठेवा. आतल्या गीतांना ढोल पुरे. माईक तारप्यासमोर लावू नका. आणि तारपकरी ख्रिस्ती नसेल तर त्याला आधीच सांगा की हे कशासाठी आहे. त्याची तयारी नसेल तर आग्रह नको.

परवानगीचा प्रश्न कॅथलिक चर्चमध्ये अधिक येतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजातली ३७ ते ४० ही कलमं सांगतात की लोकांच्या रीतींपैकी जे अंधश्रद्धेशी अतूट बांधलेलं नाही ते आदरानं पाहावं आणि जमेल तिथे उपासनेतही घ्यावं. ११९ वं कलम लोकांच्या संगीताबद्दल तेच म्हणतं. भारतासाठी २५ एप्रिल १९६९ ला १२ मुद्दे मंजूर झाले. जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर, गुडघा टेकण्याऐवजी अंजली, पंचांग प्रणाम, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, वेदीवर पसरायच्या छोट्या कापडाऐवजी ताट, आरती, असे ते मुद्दे. चांगलेच आहेत. पण नीट वाचा: यात आदिवासींचं काय आहे? समई, आरती आणि शाल ही देवळातली, मुख्यतः वरच्या जातींची रीत. दलित आणि आदिवासी ख्रिस्ती विचारवंतांनी हे कितीतरी वर्षं सांगितलं आहे. वारली मंडळीत समई पेटवून ‘आपली संस्कृती आणली’ म्हणणं म्हणजे इंग्रजी स्तोत्राच्या जागी दुसऱ्याच कोणाची तरी रीत आणणं. मराठी ख्रिस्ती भजन-कीर्तनाचंही तसंच आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीवर जे उभं केलं ते मराठी मंडळीचं मोठं धन आहे, माझं त्यावर प्रेम आहे. पण ते वारकरी परंपरेतून आलेलं आहे. वारली माणसाला त्यात घरासारखं वाटलं नाही तर तो कमी श्रद्धेचा ठरत नाही.

चर्चनं याहून पुढे पाऊल टाकल्याचे नमुने आहेत. काँगोतल्या, तेव्हाच्या झाइरच्या, उपासनाविधीला १९८८ मध्ये मंजुरी मिळाली; त्यात संतांबरोबर सदाचरणी पूर्वजांचंही स्मरण आहे. मेक्सिकोत चियापासच्या आदिवासी समाजांसाठी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मिस्सातल्या (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेतल्या) विधिनृत्याला, स्त्रियांनी धूप दाखवण्याला आणि समाजातल्या वडीलधाऱ्यांनी काही प्रार्थना पुढे होऊन म्हणण्याला मान्यता मिळाली. मिरवणुकीतला तारपा, बोलीतलं गाणं आणि भिंतीवरचं चित्र हे धर्मगुरू आणि बिशप यांच्या पातळीवर सुटतं. मिस्साच्या प्रार्थना आणि शास्त्रपाठ बोलीत आणायचे तर मंजूर भाषांतर लागतं. तोपर्यंत मराठी पाठानंतर बोलीत सारांश सांगा आणि विश्वासूंच्या प्रार्थना बोलीतच ठेवा. प्रोटेस्टंट मंडळीत पाळक आणि पंचांची समिती ठरवते. वाट जवळची, पण एका वडिलांच्या ‘सैतानाचा’ या शब्दानं ती बंदही होते. त्यांच्याशी वाद घालताना संस्कृतीचं भाषण देऊ नका, शास्त्र उघडा. करिंथकरांस पहिल्या पत्राचा ८ वा आणि १० वा अध्याय याच प्रश्नावर आहे: बाजारात मिळतं ते विचारपूस न करता खा, पण कोणी सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी खाऊ नका. म्हणजे पौलही वस्तूगणिकच विचार करतो. त्या वडिलांनी कदाचित भगताच्या भीतीत तरुणपण काढलं असेल आणि ख्रिस्तात त्यांना त्यातून सुटका मिळाली असेल. ती सुटका खरी आहे. तिची चेष्टा होता कामा नये.

कापणीच्या सणाचं आता सविस्तर, कारण तुमच्यासाठी सगळ्यात सुपीक जागा तीच. वारली घरात नवं धान्य आधी देवांना आणि पितरांना दाखवल्याशिवाय खात नाहीत. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात शेतकरी पहिल्या पिकाची टोपली घेऊन येतो आणि टोपली ठेवताना आपल्या पूर्वजांची कहाणी म्हणतो: भटके होतो, गुलाम होतो, देवानं सोडवलं. म्हणजे पहिलं पीक आणि पूर्वज शास्त्रातही एकत्रच येतात. तारीख कॅलेंडरवरून नको, तुमच्या पाड्यातलं हळवं भात कापलं की त्यानंतरचा रविवार धरा. प्रत्येक घरानं सुपात किंवा टोपलीत लोंब्या आणाव्यात. दुकानातला पिशवीबंद तांदूळ चालणार नाही, शेत नसलेल्यानं मजुरीला गेलेल्या शेतातली मूठभर लोंबी आणावी. चार-पाच घरांच्या म्हाताऱ्यांनी बोलीत, प्रत्येकी तीन मिनिटांत, आपलं घराणं कुठून आलं, जमीन कशी गेली किंवा राहिली, विश्वास कसा आला ते सांगावं. मग अर्पण, मग बाहेर तारपा, आणि नव्या भाताचं जेवण गावातल्या सगळ्यांना, ख्रिस्ती नसलेल्यांनाही. ताडी-मोहाची धार जमिनीवर सोडण्याची रीत मात्र आत आणू नका. ती पितरांना दिलेला वाटा असते, आणि मंडळीत ती कशी घेतली जाईल यावर कोणाचं एकमत होणार नाही.

पितरांसाठी कॅथलिकांना २ नोव्हेंबरचा मृतांच्या स्मरणाचा दिवस आहेच. त्या दिवशी बाप्तिस्मा न घेतलेल्या आजोबा-पणजोबांची नावंही वाचा. ज्यांचा विश्वास देवालाच ठाऊक आहे अशा मृतांसाठी प्रार्थना मिस्सात आहे. प्रोटेस्टंट मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, तिथे त्यांच्याबद्दल उपकारस्तुती करा. ‘आमचे आजोबा नरकात गेले का?’ हा प्रश्न कितीतरी आदिवासी ख्रिस्ती मनात ठेवून जगतात. नाव मोठ्यानं वाचलं जातं तेव्हा पहिल्यांदा त्याला हवा लागते.

गावाशी नातं पूजेपेक्षा वर्गणीवर तुटतं. गावदेवाच्या पूजेची वर्गणी देणं मनाला पटत नसेल तर त्या वेळी गप्प राहू नका. तेवढीच रक्कम विहीर, रस्ता, मयताचं सरण किंवा लग्नाचा मांडव यांसाठी गावाकडे जमा करा आणि ग्रामसभेत तसं सांगा. मयताला आणि लावणीला मात्र जातीनं हजर राहा. मयताची जागाही आताच ठरवा. २०२५ च्या जानेवारीत बस्तरमधल्या एका ख्रिस्ती कुटुंबाचं दफनाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मृतदेह जवळजवळ तीन आठवडे शवागारात राहिला, न्यायाधीशांची मतं वेगळी पडली आणि शेवटी दफन गावाबाहेर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत करावं लागलं. आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्यानं १९९६ पासून ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे. त्याच ग्रामसभेत तुम्हीही सभासद आहात. कोणी मेलेलं नसताना, शांत वेळी, दफनाच्या जागेचा ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत चर्चच्या दप्तरात ठेवा.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. बिशप आले की आदिवासी पोरं नाचत स्वागताला पुढे असतात. वर्षभर वेदीवर वाचन कोण करतं, हिशेब कोण पाहतं, तेव्हा ती दिसत नाहीत. धर्मसंहितेचा ५३७ वा नियम प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या क्षेत्रात) अर्थसमिती सक्तीची करतो. तिच्यात पाड्यातला एक तरी माणूस आहे का ते पाहा. प्रोटेस्टंट मंडळीत पंचांच्या समितीत किती वारली, त्यात किती बायका, ते मोजा. तारपा वाजला आणि निर्णय बाहेरच्यांनीच घेतले तर पुढच्या वर्षीही तुम्ही पाहुणेच असाल.

तेव्हा ९ ऑगस्टच्या आधी तीन बैठका घ्या. पहिली फक्त म्हाताऱ्यांची, पाड्यातच, बोलीत. तरुणांनी ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. दुसरी ख्रिस्ती नसलेल्या दोन-तीन जाणत्यांबरोबर, जमल्यास धवलेरीबरोबर. त्यांना विचारायचं की आमचं काय पाहून तुम्हाला दुखेल. तिसरी पाळक किंवा फादर आणि त्या वडिलांसोबत, पहिल्या दोन बैठकांचे कागद समोर ठेवून. पहिल्या बैठकीत बोलायची सुरुवात आजीनं करावी.